गॅस गिझर पेटतो आणि सहा-सात सेकंदांत विझतो. सेन्सर बदलायचा का?

गोडोलीकर (सातारा):
सहा लिटरचा गॅस गिझर, चार वर्षं झाली. पंधरा दिवसांपासून नळ सोडला की टकटक होते, निळी ज्योत भक्कन लागते आणि सहा-सात सेकंदांत फट्‌कन बंद. नळ बंद करून परत सोडला की पुन्हा तेच. दोन्ही मोठे सेल नवे घातले, सिलिंडरही बदलून पाहिला. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, पहाटे साडेपाचला अंघोळ करते. आमच्याकडे त्या वेळी पाण्यात हात घातला तर बोटं आखडतात. दुरुस्तीवाला म्हणाला, सेन्सर गेलाय, सर्किटसकट बदला, १८०० रुपये. तोवर सेन्सर बायपास करून देतो म्हणाला, ते मी नको म्हटलं. चूक केली का?

कृष्णाकाठ (कराड):
पाण्याचा दाब कमी असेल तर मुळात ठिणगीच पडत नाही. तुमची ज्योत लागतेय, म्हणजे ते कारण नाही. सेन्सरचंच बघा.

मिस्त्री_विश्रामबाग (सांगली):
दादा, नको म्हणालात ते फार बरं केलंत. ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी तीच एक राखण आहे. ती काढली तर घरात गॅस भरत राहील.

बर्नरपाशी दोन पिना दिसतील. एकीतून ठिणगी पडते. दुसरीचं टोक थेट ज्योतीत असतं, ती सेन्सर पिन. ज्योतीतून अगदी बारीक करंट वाहतो, काही मायक्रोअँपियर. तो सर्किटला मिळाला नाही की काही सेकंदांत गॅसचा व्हॉल्व्ह मिटतो. तुमच्याकडे ज्योत आहे, पण तिची खबर पोचत नाही. त्यामुळे सर्किटवर लगेच पैसे घालू नका.

सिलिंडर बंद करा, सेल काढा, गिझर गार होऊ द्या, मग पुढचं कव्हर उतरवा. पिनवर पांढरट-करडा थर दिसेल. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, पण पिन वाकू देऊ नका, टोक ज्योतीतच राहिलं पाहिजे. पिनेभोवतीची चिनी मातीची पांढरी नळी उजेडात फिरवून बघा. केसाएवढी चीर असली तरी करंट बॉडीत उतरतो, मग पिन बदलायचीच. सर्किटच्या मानाने ती फार स्वस्त असते. जाताना फोटो आणि जुनी पिन घेऊन जा, लांबी आणि वाक जुळला पाहिजे. बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरचा स्क्रूसुद्धा बघा. २०१९ च्या महापुरानंतर गाळातले कितीतरी गिझर मी उघडले. त्यांत चांगली पिन आणि गंजलेला स्क्रू, असं बऱ्याचदा सापडलं.

आणि एक सांगा, गिझर बसवलाय कुठे?

गोडोलीकर:
काका, पिनवर खडूसारखा थर होता. नळी शाबूत आहे. अर्थिंगचा स्क्रू मात्र तांबूस होऊन ढिला झाला होता. घासून, आवळून लावला. आता वीस मिनिटं सलग चालला. गिझर बाथरूममध्येच आहे. आईला वारा लागतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलाय.

मिस्त्री_विश्रामबाग:
पुठ्ठा आत्ता काढा, सकाळची वाट बघू नका. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आत गुंगीत पडतो आणि बाहेरच्यांना पत्ता लागत नाही. ज्योत पिवळी दिसली तर गिझर लगेच बंद करा. खरं म्हणजे तो बाहेरच्या भिंतीवर हवा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. तोवर आईंना बादली भरून द्या, गिझर बंद करा, मगच दार लावू द्या.

गोडोलीकर:
पुठ्ठा काढला. रविवारी प्लंबर येतोय, गिझर मागच्या गॅलरीत नेतो. आईला सांगितलं, ती म्हणाली, बादली चालेल.