बिटमॅप चित्राचे पिक्सेल (ठिपके) एकेक वाचावेत की थेट मेमरीतून?

मूळ मत (फोंडा):
गावच्या देवस्थानाच्या जुन्या वह्या स्कॅन करून त्यांवरचे पावसाळी ओलीचे डाग फिके करणारा एक विंडोज प्रोग्रॅम मी सी-शार्पमध्ये लिहीत आहे. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. एकेक पिक्सेल वाचणारे गेटपिक्सेल आणि लिहिणारे सेटपिक्सेल वापरले तर त्या प्रत्येकासाठी जीडीआय-प्लस या विंडोजच्या चित्र-लायब्ररीला वेगळी हाक जाते आणि एकेका पानापाशी ताटकळत बसावे लागते. लॉकबिट्स या दुसऱ्या पद्धतीने चित्राची सगळी मेमरी एकदाच हाती येते. म्हणून पूर्ण चित्रावर काम करताना गेटपिक्सेल वापरूच नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (म्हापसा):
मला हे पटत नाही. लॉकबिट्समध्ये प्रत्येक ओळीची लांबी ४ बाइटच्या पटीत भरून घेतली जाते, हे नवशिक्याच्या लक्षात येत नाही. २४ बिटांच्या चित्रात (दर पिक्सेलला ३ बाइट) २४८० पिक्सेलची ओळ ७४४० बाइटची होते आणि ४ ने नेमकी भागली जाते, त्यामुळे ओळ नेहमी ‘रुंदी गुणिले ३’ बाइटची धरण्याची माझी चूक चाचणीत दिसलीच नाही. पुढे समासाचा एक पिक्सेल कापल्यावर ओळ ७४३७ बाइटची झाली, तिच्यामागे ३ बाइट भरतीचे आले, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक पिक्सेल उजवीकडे सरकून सबंध पान तिरके झाले. रंग मात्र जागच्या जागी होते, कारण ३ बाइट म्हणजे बरोबर एक पिक्सेल; त्यामुळे दोन दिवस मी स्कॅनरलाच दोष देत राहिलो. गेटपिक्सेल संथ असेल, पण असा दगा देत नाही.

मूळ लेखक:
तो दोष ‘रुंदी गुणिले ३’ असे गृहीत धरण्याचा आहे. स्ट्राइड, म्हणजे भरतीसकट ओळीची खरी लांबी, लॉकबिट्सकडून मिळणाऱ्या बिटमॅपडेटामधून वाचला की प्रश्न मिटतो. शिवाय ८ बिटांच्या इंडेक्स्ड चित्रावर (ज्यात पिक्सेलपाशी रंगाऐवजी रंगतक्त्यातला क्रमांक असतो) सेटपिक्सेल चालतच नाही, एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना त्रुटी) येते. केवळ त्यापायी करड्या पानाचे २४ बिटांत रूपांतर करून तिप्पट मेमरी अडवणे मला मान्य नाही.

प्रतिसाद (म्हापसा):
८ बिटांचा मुद्दा मान्य आहे. तरीही गेटपिक्सेलची संथ आवृत्ती पुसून टाकू नका: २४७९ रुंदीच्या २४ बिटांच्या नमुन्यावर दोन्ही चालवा, आणि पिक्सेल-न्-पिक्सेल जुळल्यावरच देवस्थानाच्या वह्यांना हात लावा.