मदत हवी आहे: पिकअप ट्रकला जादा ट्रान्समिशन कूलर बसवताना रेडिएटर तेलाच्या लाइनमध्ये ठेवायचा की काढायचा?

घाटातला_ड्रायव्हर
नमस्कार मंडळी, इथे गाड्यांमधले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय, आधी असा धागा निघाला असेल तर लिंक द्या, मला सापडला नाही.

मी डेन्व्हरजवळ अरोरात राहतो. २००४ ची शेव्ही सिल्वराडो १५०० आहे, सेकंडहँड घेतलेली, ५.३ लिटरचं व्ही-८ आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक, म्हणजे ४एल६०ई. मागे कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) ओढतो, भरलेला साधारण ४८०० पौंड, म्हणजे २२०० किलोच्या आसपास. ट्रकच्या मर्यादेत आहे, ते तपासलंय, त्यामुळे कृपया "मोठा ट्रक घ्या" हा सल्ला नको, बायकोने ऐकला तर अजून एक खर्च निघेल.

आता जूनमध्ये मुलांना घेऊन यूटातल्या मोआबला जायचंय, म्हणजे आय-७० हायवे धरून सरळ पश्चिमेला आणि वाटेत आयझेनहॉवर टनेल. ज्यांनी तो चढ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, डेन्व्हर ५,२८० फुटांवर आणि टनेल ११,१५८ फुटांवर, हे सगळं शंभर किलोमीटरच्या आत. इंजिनाला टर्बो नाही त्यामुळे दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते, मग पाय दाबून धरावा लागतो, गिअर खाली-वर नाचतो आणि ट्रान्समिशन तापतं. डॅशवर त्याचा काटा नाहीये म्हणून ब्लूटूथचा ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा) लावून बघितलं. कॅम्पर नसताना १८० फॅरनहाइटच्या आसपास असतं, कॅम्पर लावून सपाटीला १९५, आणि टनेलच्या अलीकडच्या चढाला २२८ पर्यंत गेलं. गाडी कुठे अडखळली नाही, तेलही लालच आहे, जळका वास नाही. पण २२८ बघून पोटात गोळा आला.

इथल्या एका गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणाले सगळ्यात मोठा कूलर लावू, ट्रान्समिशनच्या तेलाच्या रेडिएटरमधून जाणाऱ्या लाइनी काढून टाकू, सातशे डॉलर होतील. मला स्वतः बसवायचाय, पाने-पकडी आहेत, ब्रेक वगैरे मी घरीच करतो. पण रेडिएटर खरंच बायपास करायचा का, कूलर कुठल्या प्रकारचा घ्यायचा, आणि परतीची लाइन कुठली ते कसं ओळखायचं, एवढं कोणी सांगेल का. हिवाळ्यात ट्रक रोज वापरात असतो हेही लक्षात घ्या, इथे उणे वीस सेल्सिअस होतं कधीकधी.

कॅलगरीचा_गणू
पहिल्यांदा ग्लोव्ह बॉक्स उघडा. आत एक स्टिकर असतो, त्यावर तीन-तीन अक्षरी कोड असतात, जीएमच्या त्या काळच्या सगळ्या ट्रकांना असायचा. केएनपी दिसला तर कंपनीचाच जादा कूलर आहे तुमच्याकडे, आणि मग २२८ ची गोष्ट वेगळी होते. झेड८२ म्हणजे ट्रेलरचं पॅकेज. मागच्या ॲक्सलचा कोडही बघा, जीयू६ असेल तर ३.४२ चा गिअर रेशो आणि जीटी४ असेल तर ३.७३ चा. डोंगरात याने फार फरक पडतो.

घाटातला_ड्रायव्हर
आत्ताच बघून आलो. एम३० आहे (हा ४एल६०ई ना?), जीटी४ आहे, केएनपी नाही आणि झेड८२ पण नाही. हिच (ट्रेलर जोडायचा हुक) आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला दिसतोय. ग्रिलमधून टॉर्च मारून बघितलं, एसीच्या कंडेन्सरपुढे काहीच नाही, नुसते किडे.

टेक्सास_अण्णा
हो, एम३० म्हणजे तोच. ३.७३ आहे हे नशीब.

माझं मत स्पष्ट आहे, रेडिएटर काढा लाइनमधून. मी ह्यूस्टनला बरीच वर्षं बोट ओढतो. रेडिएटरच्या टाकीच्या आत जी छोटी तेलाची नळी असते ती जुन्या रेडिएटरमध्ये आतल्या आत फुटली की कूलंट ट्रान्समिशनमध्ये जातं, तेलाचा गुलाबी मिल्कशेक होतो आणि क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं. मग हजारोंचा खर्च. तुमचा रेडिएटर वीस वर्षांचा असेल तर ही जोखीम कशाला? शिवाय कूलंट स्वतःच दोनशेच्या आसपास, त्यात तेल काय थंड होणार डोंबल.

कॅलगरीचा_गणू
अण्णा, ह्यूस्टनला चालेल हो, आमच्याकडे नाही. उणे तीसला तेल मधासारखं होतं, रेडिएटरमधलं कूलंट आधी गरम होतं आणि तेच तेलाला ऊब देतं. तेल थंड असलं की कॉम्प्युटर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधली तेलावर चालणारी जोडणी) लॉकच करत नाही, मग पेट्रोल जास्त जातं आणि गाडी उगाच ओढल्यासारखी वाटते. डेन्व्हरला रोज चालवायचा ट्रक आहे म्हणजे रेडिएटर राहू द्या.

भोसरीकर
मी ट्रक चालवत नाही, पण पोटापाण्याला हीट एक्स्चेंजरच बनवतो, भोसरीत, म्हणून तोंड घालतो.

अण्णांनी दोन मुद्दे एकत्र केलेत. फुटण्याचा धोका खरा आहे, पण त्याचं उत्तर नवा रेडिएटर हे आहे, बायपास नव्हे. वीस वर्षांचा प्लॅस्टिक टाकीवाला रेडिएटर तसाही बदलायलाच आलाय. दुसरा मुद्दा तापमानाचा. थर्मोस्टॅट १९० च्या आसपास उघडतो हे बरोबर, पण तेलाची नळी रेडिएटरच्या थंड बाजूच्या टाकीत असते, म्हणजे जिथून कूलंट हवेने गार होऊन बाहेर पडतं तिथे. तिथलं कूलंट इंजिनातून निघालेल्या कूलंटपेक्षा बरंच गार असतं. आणि पातळ पदार्थ हवेपेक्षा कितीतरी पटीने उष्णता ओढून घेतो, त्यामुळे २२८ चं तेल तिथे आलं की मोठा हिस्सा तिथेच उतरतो. त्यानंतर हवेचा कूलर लावला की उरलेलं काम तो करतो. म्हणून क्रम असा ठेवा: ट्रान्समिशन, मग रेडिएटर, मग नवा कूलर, मग परत ट्रान्समिशन. उलटा लावला तर हवेने गार केलेलं तेल रेडिएटरमध्ये जाऊन पुन्हा तापेल, सगळी मेहनत पाण्यात.

अजून एक. तुम्ही दहा-अकरा हजार फुटांवर आहात, हवा विरळ म्हणजे हवेच्या कूलरची ताकदही तिथे कमीच होते, नुसत्या हवेवर विसंबायला ही सगळ्यात वाईट जागा आहे. त्यात चढाला गाडीचा वेग कमी. तुमच्या २००४ ला इंजिनावर चालणारा क्लच फॅन असेल, तो हवा ओढतो बऱ्यापैकी, त्याचा क्लच नीट धरतोय ना ते तेवढं बघा.

प्रकाराबद्दल: सगळ्यात स्वस्त म्हणजे एकच नळी वाकवून तिला पंखे लावलेला, ट्यूब-फिन. छोट्या कामाला ठीक. तुम्ही स्टॅक्ड प्लेटचा घ्या, एकावर एक पातळ प्लेटा असतात, त्याच जागेत जास्त उष्णता टाकतो आणि तेल फारच घट्ट असलं तर आतल्या मोठ्या मार्गाने निघून जायची सोय बऱ्याच मॉडेलमध्ये असते, म्हणजे हिवाळ्याचा प्रश्नही सुटला. गॅरेजवाल्याचं "सगळ्यात मोठा" हे विकण्याचं बोलणं आहे. तुमच्या वजनाला मध्यम आकार पुरे.

सांगलीचा_पंप
आमच्या ट्रकांना कसला कूलर आणि कसलं काय वो. आंबा घाट आला की खालच्या गिअरमधी टाकायचं आणि गुपचूप चढायचं, मागचा हॉर्न वाजवंना का.

भोसरीकर
हसू नका, यांचं शंभर टक्के खरं आहे. कूलर ही नंतरची गोष्ट, उष्णता तयारच कमी करा. ऑटोमॅटिकमध्ये सगळ्यात जास्त उष्णता टॉर्क कन्व्हर्टर घसरताना होते. तो लॉक असला की जवळजवळ थांबते.

टेक्सास_अण्णा
हे पटलं. घाटातले, तुम्ही चढाला गिअर कुठे ठेवता? ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे चौथ्यात, ठेवत असाल तर तिथेच २२८ चं कारण आहे. दांड्याच्या टोकाला टो-हॉलचं (ओझं ओढताना वापरायचं) बटण आहे ते दाबा आणि दांडा तिसऱ्यावर. तिसरा गिअर डायरेक्ट, म्हणजे एकास एक, आहे आणि त्यातही कन्व्हर्टर लॉक होतो. ५५ मैलांच्या वेगाला ३.७३ वर इंजिन साधारण २३०० वर फिरेल. तेवढ्यात ओढत नसेल तर दुसऱ्यात टाका, ४५ ला जा, इंजिन साडेतीन हजारपर्यंत ओरडू द्या, त्याला काही होत नाही. उजव्या लेनमध्ये सेमी ट्रक असतातच सोबतीला.

घाटातला_ड्रायव्हर
ओव्हरड्राइव्हमध्येच होता, टो-हॉल चालू होतं पण तिसऱ्यावर नव्हता ठेवला. म्हणजे अर्धं उत्तर फुकटात मिळालं. सांगलीकर, तुम्हाला मोआबहून लाल माती आणतो.

तरी कूलर बसवणारच, रेडिएटरही नवा मागवतो. आता परतीच्या लाइनीचं सांगा. आणि एक मित्र म्हणतो जंकयार्डमधून केएनपीवाल्या ट्रकचा कूलर आणि लाइनी काढून आण, सगळं बोल्टाला बोल्ट बसेल.

कॅलगरीचा_गणू
बसेल, लाइनी आणि ब्रॅकेट खुशाल आणा. कूलर मात्र नवाच घ्या. तिथले अर्धे ट्रक ट्रान्समिशन गेल्यामुळेच तिथे पोचलेले असतात, आतला धातूचा चुरा कूलरच्या बारीक वाटांत अडकून बसतो, कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, आणि तो तुमच्या चांगल्या ट्रान्समिशनमध्ये यायचा.

टेक्सास_अण्णा
४एल६०ई ला दोन लाइनी येतात, खालची बाहेर जाणारी, वरची परत येणारी. पण कोणाच्या सांगण्यावर कापू नका, माझ्याही नाही. सकाळी थंड गाडी सुरू करून दोन्हीला हात लावा, आधी तापते ती रेडिएटरकडे जाणारी. तरी शंका असेल तर रेडिएटरपाशी परतीची लाइन सोडून तिला आणि रेडिएटरच्या तोंडाला पाइप लावून टोकं बादलीत, आणि दुसऱ्याला सांगून काही सेकंदच गाडी चालू करायची. रेडिएटरच्या तोंडातून तेल आलं तर बरोबर, लाइनीतून आलं तर उलटं धरलंय. जास्त वेळ चालू ठेवू नका, पंप कोरडा पडेल.

रेडिएटरला लागलेली जोडणी क्विक कनेक्टची आहे, आत एक बारीक तारेची क्लिप असते ती पिकने काढायची. उडते कुठेतरी आणि सापडत नाही, नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा.

आणि पाइपाबाबत कंजुषी नको. पेट्रोलचा पाइप लावू नका, ट्रान्समिशन कूलरचाच घ्या, त्यावर एसएई जे१५३२ छापलेलं असतं. जुन्या स्टीलच्या लाइनीचं गुळगुळीत टोक तसंच पाइपात खुपसून क्लॅम्प आवळू नका, टोकाला थोडा फुगवटा काढा नाहीतर बार्ब (पाइप पकडून ठेवणारी खाचांची तोटी) लावा. दाबाखाली निसटला तर मिनिटभरात सगळं तेल रस्त्यावर.

भोसरीकर
बसवण्याचं माझ्याकडून थोडं: किटमध्ये कंडेन्सरच्या आरपार घालायच्या प्लॅस्टिकच्या काड्या येतात, त्या वापरू नका. गाडी हलते तशा त्या कंडेन्सरच्या नळ्या घासतात आणि एसीचा गॅस जातो. पट्टी कापून ब्रॅकेट करा, रेडिएटर सपोर्टला बोल्ट. कूलर आणि कंडेन्सरमध्ये अर्धा ते पाऊण इंच जागा. तेलाची तोंडं वर किंवा बाजूला असू द्या, खाली नकोत, हवा अडकते.

घाटातला_ड्रायव्हर
सगळं लिहून घेतलं. तेल किती जादा लागेल? आत डेक्स्रॉन थ्री (जीएमचं ट्रान्समिशन तेल) असावं, आता डेक्स्रॉन सिक्स मिळतं ते चालतं ना?

कॅलगरीचा_गणू
चालतं, मागच्या डेक्स्रॉनच्या जागी घालायला म्हणूनच काढलंय ते. कूलर आणि पाइपात अर्धा ते एक क्वार्ट (क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा थोडं कमी) जाईल. कसंही उघडताय तर पॅन काढून फिल्टर बदला, त्यात आणखी ५ क्वार्टच्या आसपास लागेल. डिपस्टिक आहे तुम्हाला, गाडी चांगली तापवून, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून बघायची. थंड असताना बघून वरपर्यंत भरलं तर नंतर जास्त होतं.

घाटातला_ड्रायव्हर
आणि समजा हे सगळं करूनही आकडा वर गेला तर कुठे थांबायचं?

टेक्सास_अण्णा
१७५ च्या वर दर २० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं असा जुना ठोकताळा आहे. २२८ ला थोडा वेळ गेलात म्हणून काही जळत नाही, आणि दोनशे दहापर्यंत मी बघतही नाही. २४० दिसलं की जागा बघून बाजूला घ्या. पण इंजिन बंद करू नका, सगळे तीच चूक करतात. पार्कमध्ये ठेवून रेस जरा हजार-बाराशेवर धरा, पंप चालू राहतो, तेल कूलरमधून फिरत राहतं, थोड्या वेळात खाली येतं.

आणि टनेल ओलांडला की सिल्व्हरथॉर्नकडे तितकाच तीव्र उतार आहे, तिथे ट्रान्समिशन नाही, ब्रेक तापतात. वरूनच दुसऱ्यात टाकून उतरा, आणि कॅम्परचा ब्रेक कंट्रोलर निघायच्या आधी घराजवळच तपासून घ्या.