मदत हवी आहे: चिनी नाडीपरीक्षेत ‘दाय’ लिहिले, ते का चुकले?

चेंगदूवासी: मी चेंगदूमध्ये पारंपरिक चिनी वैद्यक शिकतो. काल एका आजोबांच्या मनगटावर तीन बोटे ठेवली असता नाडी मधूनच थांबत असल्याचे स्पष्ट जाणवले, म्हणून मी वहीत ‘दाय’ (खंड पडणाऱ्या नाडीचा एक प्रकार) लिहिले. शिक्षकांनी ते खोडले आणि कारण न सांगता ते पुढच्या खाटेकडे गेले. परवा तोंडी परीक्षा आहे, कृपया लवकर सांगावे.

पिंपळपान: नाडीचा वेग किती होता आणि ती कितव्या ठोक्यानंतर थांबत होती? हे कळल्याशिवाय उत्तर देणे शक्य नाही.

सातारी वैद्य: आपण आधी आयुर्वेदातला शार्ङ्गधराचा ग्रंथ वाचावा. थांबून थांबून चालणारी नाडी प्राणनाशिनी असते, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे.

पिंपळपान: वैद्यराज, प्रश्न चिनी पद्धतीचा आहे. चिनी वैद्य ली शिचेन यांच्या १५६४ च्या नाडीग्रंथात २७ नाड्या आहेत आणि त्यात गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यातही दाय आढळते असे म्हटले आहे. त्यामुळे प्रत्येक खंड म्हणजे मरणाची खूण, असे तिथे मानता येत नाही.

सातारी वैद्य: तरीही रुग्णाच्या वयाकडे दुर्लक्ष करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

रात्रपाळी: त्या आजोबांचा ईसीजी काढला आहे का? स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके आणि त्याच मिनिटात मनगटावरचे ठोके मोजावेत. काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत आणि बोटांना तिथे खंड भासतो.

चेंगदूवासी: ईसीजीबद्दल मी विचारलेले नाही, तो त्यांच्या कागदपत्रांत असेलच. वेग मिनिटाला ५४ होता. खंड आधी पाचव्या, मग आठव्या आणि नंतर चौथ्या ठोक्यानंतर पडला.

पिंपळपान: मग हीच ती चूक! दायमध्ये खंड ठरावीक ठोक्यांनंतर पडतो आणि थोडा लांबतो. आपल्याला मिळालेली नाडी मंद असून तिचे खंड अनियमित आहेत, म्हणून ती ‘ज्ये’. असेच अनियमित खंड जलद नाडीत पडले, तर ती ‘त्सू’. खंड जाणवताच बोट न उचलता निदान पन्नास ठोके मोजावेत, कारण दोन-तीन खंडांवरून नियमितपणा ठरवता येत नाही.

चेंगदूवासी: मी जेमतेम वीस ठोके मोजले होते. उद्या सकाळी आजोबांची परवानगी घेऊन पुन्हा मोजतो आणि रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे स्टेथोस्कोपही लावतो.