फक्त गूगलचं बटण ठेवा म्हणणाऱ्यांना उत्तर

साताऱ्याचा_मी: काल इथे एकाने ठामपणे लिहिलं, 'छोट्या मराठी साइट्सनी स्वतःचं लॉगिन बंद करून फक्त गूगल-फेसबुकचं बटण ठेवावं.' मला हे अजिबात पटलेलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या 'व्ह्यू अ‍ॅज' या, आपलं पान दुसऱ्याला कसं दिसतं ते दाखवणाऱ्या सोयीतल्या चुकीमुळे सुमारे ३ कोटी खात्यांची टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणाऱ्या डिजिटल चाव्या, चोरीला गेली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहाएक तास झोपलं, तेव्हा त्याच बटणाने आत जाणारे इतर साइट्सच्याही दारात ताटकळले. माझं तर ईमेल खातंच कंपनीने एके दिवशी बंद केलं. कारण सांगितलं नाही, विचारायला माणूस नाही. त्याला जोडलेल्या एका साइटवर आईने सांगितलेल्या पाककृती आठ वर्षं लिहून ठेवल्या होत्या. आई आता नाही.

वसुधा_नाशिक: दादा, वाचून वाईट वाटलं. पण मी अशा साइट्स सांभाळते. एका ठिकाणी लोकांचे पासवर्ड जसेच्या तसे साठवलेले बघितलेत. लिंक्डइनचे २०१२ मध्ये चोरीला गेलेले हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) बिनसॉल्टचे, म्हणजे प्रत्येकात वेगळी भर न घातलेले आणि म्हणून फोडायला सोपे होते, २०१६ मध्ये ११ कोटींवर खाती विक्रीला निघाली. तिथे ही गत, तर दोन माणसांची साइट काय राखणार? लोक तोच पासवर्ड बँकेलाही लावतात.

राइनकाठचा: पासवर्डचं काय घेऊन बसलात, ओटीपीचं बोला! मी जर्मनीत असतो. रिचार्ज राहिला, भारतातला नंबर बंद झाला. ९० दिवस उलटले की तो दुसऱ्याला देता येतो, तसा माझा गेला. वडिलांच्या विम्याचे ओटीपी आता परक्या माणसाला जातात.

करवीरकर: रिचार्ज वेळेवर करायचा. चूक तुमची.

राइनकाठचा: वडील अतिदक्षता विभागात होते हो! तीन महिने मला वार कुठला तेही कळत नव्हतं. समोरच्याला चूक म्हणण्याआधी विचारायचं तरी.

करवीरकर: हे माहीत नव्हतं. माफ करा. तरी ओटीपी नसता तर माझ्या सासऱ्यांचे पैसे गेले असते, हेही खरं आहे.

साताऱ्याचा_मी: मूळ मुद्द्यावर या. वसुधाताई, छोट्या साइटने पासवर्ड साठवू नयेत, हे जिवावर येतंय पण मान्य. मग ईमेलवर लॉगिनची लिंक पाठवा ना.

वसुधा_नाशिक: आणि ते ईमेल खातंच बंद झालं तर? तुमचं तेच झालं होतं ना?

साताऱ्याचा_मी: ...हो. मग दुसरा ईमेल जोडू द्या, पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच उघडणारी डिजिटल चावी) द्या. आणि आपलं लिखाण उतरवून घ्यायची सोय हवीच. एवढं असतं तर माझी वही वाचली असती.

वसुधा_नाशिक: दुसऱ्या ईमेलची सोय माझ्याही साइट्सवर नाही, खरंय. या महिन्यात करते. लिखाण उतरवायचंही बघते. बटण मात्र काढणार नाही.

राइनकाठचा: मोबाईल नंबरची सक्ती तेवढी काढा, ताई.