बारा टोळ्या आणि 'अभंग रक्त': एका दाव्याला उत्तर

शिलालेखी

'वाळवंटवाटा' यांनी परवा या धाग्यावर ठासून लिहिलं: बायबलातल्या याकोबाचे बारा मुलगे, त्यांच्या इस्राएलाच्या बारा टोळ्या, मोशेच्या मागून मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेले सहा लाख पुरुष, आणि तेच रक्त आजच्या ज्यूंत साडेतीन हजार वर्षं अभंग. वर पुरावा म्हणून कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, पुढे केले, शोमरोन पडल्यावर 'हरवलेल्या दहा टोळ्यांपैकी' म्हणून. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सहा लाख पुरुष म्हणजे बायकापोरं धरून वीस लाखांच्या वर. त्या काळच्या अख्ख्या मिसरची वस्ती तज्ज्ञ तीसेक लाख धरतात. एवढा जमाव बायबल सांगतं तसा वाटेत, वाळवंटातल्या कादेश-बर्ण्याला तळ ठोकून राहिला, तर चुलीची राख नको सापडायला? त्या काळाचा थरच तिथे नाही. यरीहोचा तट पडला तो इ.स.पू. १५५०च्या सुमारास. मोशेनंतरच्या यहोशवाने तो पाडला असं बायबल सांगतं, पण त्याच्या काळात पाडायला तिथे तटच उभा नव्हता, हे १९५०च्या दशकात कॅथलीन केन्यन यांच्या उत्खननात दिसलं.

आता जे सापडलंय ते बघा. फारो मेर्नेप्ताहची शिळा, इ.स.पू. १२०८च्या आसपासची, पेट्री यांना १८९६मध्ये थेबेसला मिळाली. त्यात अश्कलोन, गेझेर, यानोआम या नावांना परक्या प्रदेशाची खूण जोडलीय. 'इस्राएल'च्या पुढे मात्र वेगळी खूण आहे: बसलेला पुरुष, बसलेली बाई आणि तीन रेघा. म्हणजे गाव नव्हे, देश नव्हे, माणसांचा जथा. 'इस्राएल' हे नाव पहिल्यांदा निःसंशय दिसतं ते इथे, आणि तेव्हा ते लोक कनानातच, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या भागातच, आहेत.

त्याच सुमारास मधल्या डोंगराळ पट्ट्यात अडीचशेच्या आसपास खेडी नव्याने वसतात. तट नाही, राजवाडा नाही. पावसाच्या पाण्याच्या टाक्या, उतारावर बांध घालून केलेली शेतं, काठाला गळपट्टी असलेले मोठे रांजण. भांडी कनानी घडणीची, भाषा कनानी कुळातली. हे लोक बाहेरून चढाई करून आलेले नाहीत. तिथलेच आहेत, खालच्या नगरांची घडी विस्कटल्यावर वर सरकलेले.

आणि बाराचा आकडा? बायबलातलं 'शास्ते' हे पुस्तक, अध्याय ५, दबोरेचं गीत वाचा. बायबलातल्या सगळ्यात जुन्या काव्यांपैकी एक. त्यात टोळ्या दहाच आहेत. यहूदा नाही, शिमोन नाही, लेवी नाही. गाद आणि मनश्शे यांच्या जागी गिलाद आणि माखीर. ज्या यहूदावरून 'यहुदी' हा शब्द आला, तोच त्या यादीत नाही!

वाळवंटवाटा

सहा लाखांवर अडून बसू नका. मूळ शब्द 'एलेफ'. त्याचा अर्थ हजार होतो तसा कुळ किंवा तुकडीही होतो. आकडा फुगला असेल, हे मी मान्य करतो. पण म्हणून सगळंच खोटं?

तुमचे डोंगरातले कनानी जर तिथलेच, तर त्यांचा देव तिथला का नाही? कनान्यांचे एल आणि बाल आपल्याला माहीत आहेत. यहोवा त्या देवमंडळात नाही. नूबियात सोलेबला आमेनहोतेप तिसऱ्याचं देऊळ आहे, मेर्नेप्ताहच्या दीडशे वर्षं आधीचं. त्यातल्या यादीत 'यहव'च्या प्रदेशातले शासू, म्हणजे भटके पशुपालक, कोरलेत. दबोरेचं जे गीत तुम्ही माझ्यावर फेकलंत, त्यातच यहोवा सेईरहून, अदोमाच्या रानातून निघतो. म्हणजे दक्षिणेकडून! कुणीतरी तो देव तिथून वर आणलाच ना?

मोशे, आणि पिनहास, हफनी या याजकांची नावं मिसरी आहेत. होशेय आणि आमोस हे संदेष्टे इ.स.पू. आठव्या शतकात मिसरातून निघाल्याची आठवण अशी काढतात, की ऐकणाऱ्याला ती माहीतच आहे. शिवाय कोणता समाज स्वतःहून सांगेल की आमचे पूर्वज गुलाम होते? प्रत्येक जण आपलं कूळ राजाला नाहीतर सूर्याला नेऊन भिडवतो.

रोकठोक

दोघंही जुन्या गोष्टींत अडकलात. बेने इस्राएलांचं काय ते बोला, ते तरी आपल्या घरचं आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची ही सगळी प्रजा. आता चित्पावनांची कथा आठवा: समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं, परशुरामाने जिवंत केलेली. इथेही चौदा, तिथेही चौदा, किनारा एकच. 'दहा टोळ्या' हे लेबल तर नंतर बाहेरून येणाऱ्यांनी चिकटवलं. गावात त्यांना शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणत, बस्स.

माझा राग वेगळाच आहे. कोकणातल्या प्रत्येक जातीला आपण बाहेरून आलो असं सांगायची हौस का? इथल्या मातीतले असण्यात कमीपणा काय आहे? माझे आजोबा कुळकायद्यात मिळालेली वीस गुंठे खाजण कसत मेले. त्यांना कुणी जहाजातून आणलं नव्हतं.

समईवाले

चित्पावनांना मध्ये ओढायचं काही कारण? धागा इस्राएलाचा आहे. आमच्या कुळकथेवर वार करायची एकही संधी सोडत नाही तुम्ही लोक. ही कथा सांगणारा स्कंदपुराणातला भाग कुणी कधी घातला, यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो.

रोकठोक

'तुम्ही लोक' म्हणजे कोण, स्पष्ट बोला.

शिलालेखी

कृपया थांबा. कुळकथा सारख्या दिसतात याचा अर्थ कुणी कुणाची चोरली असा होत नाही. एकाच किनाऱ्यावर राहणारी माणसं एकाच घाटाच्या गोष्टी सांगतात. डोंगरातल्या कुळांनी एका बापाचे बारा मुलगे सांगितले, तेही तसंच. वेगवेगळी कुळं एकत्र आली की 'आपण भाऊ' हेच सांगावं लागतं. वंशावळ म्हणजे तेव्हाचा करारनामा.

आणि जनुकांचं म्हणाल, तर बेने इस्राएलांचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झालाय. मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वाटा भरीव, भारतीय वाटाही भरीव, आणि मिसळण गेल्या हजारेक वर्षांतली. पुरुषांकडून ज्यू वाटा जास्त, बायकांकडून स्थानिक. म्हणजे 'अभंग रक्त' इथेच निकालात निघतं.

मलिदा

मी बेने इस्राएल, पंचवीस वर्षं इस्राएलात अश्दोदमध्ये आहे, माहेर अलिबागचं. तीन दिवस गप्प राहून वाचतेय. आता मात्र बोलते, कारण एकाला आम्ही पुरावा म्हणून हवेत, दुसऱ्याला लेबल म्हणून आणि तिसऱ्याला टक्केवारी म्हणून.

शिलालेखी, 'निकालात निघतं' हे शब्द किती सहज लिहिलेत! माझी आत्या १९६२मध्ये इथे लग्न नोंदवायला गेली. समोरच्या माणसाने विचारलं, तुझ्या आईची आई कोण, तिची आई कोण, तिचं लग्न कुणी लावलं. आत्याकडे होतं काय? अलिबागचा पत्ता, आणि पणजीचं नाव लिहिलेला एक कागद. तो माणूस म्हणाला, अजून मागे. ती म्हणाली, अजून मागे आमच्याकडे समुद्र आहे. लग्न आठ महिने लांबलं. असं तिच्या एकटीच्याच बाबतीत घडलं नाही. बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी पिढ्यान् पिढ्या मागे जाऊन चौकशी करण्याचा नियमच निघाला होता. आमची माणसं मुलाबाळांसकट धरणं धरून बसली, तेव्हा १९६४मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. आणि तुम्ही तीच चौकशी आता जनुकांच्या नावाने करता.

वाळवंटवाटा, तुम्हालाही सांगते. मला दहा टोळ्यांपैकी असण्याची गरज नाही. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडली इ.स.पू. ७२२च्या सुमारास. अश्शूरी राजा सार्गोनच्या लेखात तिथून नेलेल्यांचा आकडा सत्तावीस हजारांवर आहे, दहा टोळ्या नव्हेत. बाकीचे तिथेच राहिले. गरिझीम डोंगरावरचे शोमरोनी आजही एफ्राईम आणि मनश्शेचं नाव सांगतात. सगळे हरवले होते कुठे?

रोकठोक

ताई, शनवार तेली हा शब्द मी हिणवून लिहिला नव्हता. तरी तो तसा वाटला असेल तर चुकलं.

मलिदा

शब्दाचा राग नाही, तो आमचाच आहे. राग 'बस्स' या शब्दाचा आहे.

त्या 'बस्स'मध्ये काय काय होतं ते ऐका. मुलाची सुंता आठव्या दिवशी. ओठांवर 'शेमा', ज्यूंची मुख्य प्रार्थना. प्रार्थनेच्या बाकी ओळी विसरल्या, पण तेवढी राहिली. आम्ही ज्यू आहोत हे ओळखणाऱ्या डेव्हिड रहाबीची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्याने बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली आणि त्यांनी न सांगता खवल्यांचे, परांचे, म्हणजे ज्यूंना चालणारे, मासे एका बाजूला काढले, बाकीचे दुसऱ्या. आजही नवस फेडायला आम्ही मलिदा करतो, पोहे, ओला नारळ, साखर, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेतो. ताट कोकणचं, नाव त्याचं.

आणि आजी तिच्या आजोबांच्या घाण्याचं सांगायची. शुक्रवारी तिन्हीसांजेला बैल सोडायचे. शनिवारी गावातलं कुणी भांडं घेऊन तेलाला आलंच तर ओटीवर बसवून पाणी द्यायचे, तेल नाही. गिऱ्हाईक शेजारच्या गावच्या घाण्याकडे गेलं तरी चालेल. आजी म्हणायची, बैलालासुद्धा वार कळायचा, शुक्रवारी ऊन उतरलं की आपोआप थबकायचा.

शिलालेखी

'निकालात निघतं' हे चुकलं, मागे घेतो. म्हणायचं होतं ते असं, की मिसळण हा डाग नाही. बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातच लिहिलंय, की निघताना त्यांच्याबरोबर मिश्र समुदायही निघाला. मोशेची बायको मिद्यानी, दावीदाची पणजी रूथ मवाबी. आईवरून ज्यू ठरवण्याचा नियम मिश्ना या ज्यूंच्या धर्मनियमांच्या संग्रहात मिळतो, म्हणजे इ.स. २००च्या सुमाराला. त्या पट्टीने मोशेच्या मुलांनाही तुमच्या आत्यासारखंच खिडकीसमोर उभं राहावं लागलं असतं.

वाळवंटवाटा, सोलेबचा मुद्दा भारी आहे आणि माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही. एखादा लहान जथा दक्षिणेकडून आला असेल, आपला देव आणि गुलामीची आठवण घेऊन, आणि डोंगरातल्या बाकीच्यांनी ती आठवण आपली मानली असेल. एवढं मान्य. सहा लाख नाही.

वाळवंटवाटा

सहा लाख मी कधीच सोडले. तुमचा लहान जथा मला पुरतो, कारण बाकीच्यांनी ती आठवण का स्वीकारली, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच आणि भांड्यांच्या घडणीवरून तो सुटत नाही. दबोरेची यादी दहाची आहे हेही खरं, पण टोळ्या होत्या हे तीच यादी सांगते. त्या मी सोडत नाही.

मलिदाताई, बायबलातलं 'अनुवाद' हे पुस्तक, अध्याय ५, वचन १४ उघडून बघा. सातव्या दिवशी कुणी काम करायचं नाही, त्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी यांच्यानंतर बैल आहे. तुमच्या आजीच्या आजोबांच्या घरी पुस्तक होतं का?

मलिदा

नव्हतं. बैल होता.

वाळवंटवाटा

'अभंग रक्त' हे शब्द मी मागे घेतो.