उपासना संपायच्या आत निघून जाणाऱ्या ताईंशी कसं बोलावं?

जय ख्रिस्त. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक ताई महिनाभर शेवटच्या बाकावर एकट्याच बसतात. गीताचं पुस्तक उघडं, ओठ मात्र बंद. आशीर्वाद संपायच्या आत बाहेर. एकदा दाराशी गाठून विचारलं, तर "बरी आहे" म्हणाल्या, डोळे भरलेले. मेसेज केला, वाचला, उत्तर नाही.

पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) परस्पर सांगणं मला चहाडीसारखं वाटतं. प्रार्थनेच्या विनंतीत नाव घेणं तर नकोच, ते गावभर होतं! मी पुरुष, एकट्याने घरी जाणं बरं दिसणार नाही. पत्नी यायला तयार आहे, पण तिची ओळख नाही.

बायबलमधल्या रोमकरांस 12:15 या वचनाप्रमाणे शोक करणाऱ्यांबरोबर शोक करायचा, पण सुरुवात कशी? पत्नीने पहिलं वाक्य काय बोलावं, म्हणजे त्यांना चौकशी वाटणार नाही?