परकी भाषा मुलांना कितव्या वर्षी? आपापले अनुभव सांगा

धागा काढणारी, पुणे

मुलगी आता सहाची होईल. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि हिंदी बिल्डिंगमधल्या पोरांकडून आपोआप आलीय. आमच्या सोसायटीत यंदा चार-पाच वर्षांच्या मुलांना फ्रेंच, जर्मन, अगदी कोरियनच्या क्लासला घालायची लाट आलीय आणि खाली गेलं की पहिला प्रश्न हाच की तुम्ही कुठली लँग्वेज चालू केली. लहानपणी मेंदू कोवळा असतो, सातनंतर शिकायची दारं बंद होतात असं सगळे ठामपणे सांगतात. मला हे मनापासून समजून घ्यायचंय, कारण तिचा वेळ आहे तो, संध्याकाळी खेळायचा. ज्यांनी मुलांना शिकवलंय, स्वतः शिकलेत, परदेशात मुलं वाढवलीत त्यांनी लिहा प्लीज. कितव्या वर्षी सुरू केलं, आठवड्याला किती वेळ दिला आणि काही वर्षांनी त्यातलं काय उरलं. शेवटचं तर नक्की लिहा, ते कुणीच सांगत नाही.

पुण्यातूनच, जर्मन शिकवते

मी लहान मुलांना पण शिकवते आणि कॉलेजच्या मुलांना पण, त्यामुळे दोन्हीकडचं दिसतं. पाच-सहा वर्षांची मुलं गाणी झकास म्हणतात, उच्चार इतके सुरेख की आईबाबा दारात उभं राहून व्हिडिओ काढतात. पण आठवड्याला दोन तासात त्यांचं वर्षभरात जेवढं होतं तेवढं अकरा-बारा वर्षांची मुलं काही महिन्यांत करतात, हे मी दरवर्षी बघते. कारण सोपं आहे, त्यांना लिहितावाचता येतं, विभक्ती, काळ, कर्ता-कर्म हे शाळेत झालेलं असतं. त्यातून नामांना तीन लिंगं असतात ही गोष्ट मराठी मुलांना नवीन नाही, तो-ती-ते जन्मापासून बोलतात, त्यामुळे जर्मनमध्ये नामाआधी लिंगाप्रमाणे लागणारं देअर-दी-दास म्हणजे काय हे एका तासात कळतं, कुठल्या नामाला कुठलं लागतं ते पाठ करायला मात्र वर्षं जातात. मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेकडे मुलांसाठी जी फिट नावाची परीक्षा असते ती पण 10 ते 16 वयासाठी आहे.

दारं बंद होतात म्हणतात ते लेनबर्ग या भाषा-अभ्यासकाच्या 1967 च्या पुस्तकापासून चालत आलंय, आणि ते अगदीच खोटं नाही. 2018 मध्ये हार्टशॉर्न, टेनेनबाउम आणि पिंकर या संशोधकांनी साडेसहा लाखांवर लोकांची ऑनलाइन व्याकरणाची चाचणी घेतली होती, त्यात असं आलं की व्याकरण शिकायची ताकद साधारण 17 पर्यंत चांगली टिकते, पण मूळ बोलणाऱ्यासारखंच यायला हवं असेल तर सुरुवात साधारण दहाच्या आत हवी, आणि हे त्या भाषेत राहून शिकणाऱ्यांचं आहे बरं का. क्लासचं गणित निराळं. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली मुलं सारखेच तास झाल्यावर तपासली तर उशिरा सुरू केलेली पुढे होती. लोक पहिली गोष्ट ऐकतात आणि पैसे दुसऱ्या गोष्टीसाठी भरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मॉन्ट्रियल, दोन मुलांचा बाबा

आमच्या घरात हा प्रयोग आपोआपच झाला म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही इथे आलो तेव्हा थोरला 13 आणि धाकटी 5. आमच्या क्वेबेक प्रांतात 1977 च्या भाषा कायद्यापासून बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांची मुलं थोडे अपवाद सोडले तर फ्रेंच शाळेतच जातात. दोघांनाही फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. थोरल्याला नवीन आलेल्या मुलांसाठी वेगळा वर्ग असतो त्यात घातलं, धाकटी सरळ बालवाडीत.

पहिल्या वर्षी थोरला खूप पुढे. इंग्रजी चांगलं असल्याने निम्मे शब्द डोळ्यांनी ओळखायचा, क्रियापदांचे तक्ते भिंतीला लावले होते, वही भरून काढायचा. धाकटी शाळेत गप्प. म्हणजे अक्षरशः गप्प, घरी येऊन मराठीत दिवसभराची कसर भरून काढायची पण शाळेत मान हलवण्यापलीकडे काही नाही. बायको रडकुंडीला आली होती. बाई मात्र शांत होत्या, म्हणाल्या ती ऐकतेय, ऐकू द्या. आणि खरंच हिवाळा संपता संपता ती बोलायला लागली ती शब्द-शब्द नाहीच, एकदम अख्खी वाक्यं.

दोन-तीन वर्षांत चित्र उलटं झालं. आज धाकटीचं फ्रेंच फोनवर ऐकलं तर ती इथलीच वाटेल, तेही पॅरिसचं नाही, पक्कं क्वेबेकचं. थोरल्याचं व्याकरण तिच्यापेक्षा चोख, निबंध उत्तम लिहितो, पण र आपला मराठी राहिला तो राहिलाच. आणि त्याला जो त्रास झाला तो वयाचा होता. तेरा वर्षांच्या मुलाला आपण हुशार आहोत हे पक्कं माहीत असतं, आणि तोंडातून मात्र छोट्या मुलासारखी वाक्यं निघतात. एकदा जेवताना म्हणाला, बाबा, वर्गात त्यांना मी ढ वाटतो. गणिताने त्याला तारलं, तिथे त्याला भाषा लागत नव्हती. ज्यांची मुलं या वयाची आहेत आणि जे बाहेर जायच्या तयारीत आहेत त्यांनी निघायच्या आधी सहा महिने-वर्षभर तरी भाषा सुरू करून द्या हो, पहिले महिने सोपे जातात.

अजून एक. मुलं फाडफाड बोलायला लागली की आपल्याला वाटतं झालं. टोरांटोचे जिम कमिन्स म्हणून अभ्यासक आहेत, त्यांनी दाखवलंय की गप्पांची भाषा दोनेक वर्षांत येते पण पुस्तकातली, इतिहास-विज्ञानाची भाषा वर्गातल्या मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. आमच्याकडे अगदी तसंच झालं.

आणि धाकटीचं मराठी. ते मागे पडतंय. समजतं सगळं, उत्तर फ्रेंचमध्ये येतं. थोरला मराठी वाचत आलेला, त्याचं काही बिघडलं नाही. तिच्यासाठी आता इकडच्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेचा अभ्यासक्रम घरी चालवतो आणि आजीला कडक सूचना आहे की व्हिडिओ कॉलवर फ्रेंचचं कौतुक करायचं नाही, मराठीतच विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची.

कोल्हापूर, सध्या नागोया

मराठी मिडीयम. इंग्रजी पाचवीपासून. जपानी सुरू केलं तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, वय 20. त्यांच्या दोन लिप्या, हिरागानाची अक्षरं 46, काताकानाची 46, ते पाठ झालं आणि मग लक्षात आलं की वाक्याची रचना आपलीच आहे. क्रियापद शेवटी, आणि आपण शाळेला, शाळेतून, शाळेपर्यंत म्हणतो तसं त्यांचं पण नामाच्या मागे लागतं, पुढे नाही. इंग्रजी शिकताना जेवढी ओढाताण झाली तेवढी इथे झालीच नाही. जपानीच्या परीक्षेत सगळ्यात खालच्या एन5 पातळीपासून एक-एक करत एन2 झालो, आता मीटिंगा जपानीत करतो. कांजीचा, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांचा, रोज अभ्यास अजून चालू आहे आणि बोलण्यातले चढउतार इथल्या माणसासारखे नाहीत, पण माझं कामही अडत नाही आणि इथल्या माणसांशी मैत्रीही. वीस हे वय उशिरा नाही एवढंच सांगायला लिहिलं.

धागा काढणारी

किती छान लिहिताय सगळे. एक विचारू का, क्लास नको तर निदान कार्टून त्या भाषेत लावून ठेवावं, अ‍ॅप द्यावं, कानावर पडेल असं माझे दीर म्हणतात. त्याचा उपयोग होतो का?

ठाणे, बालमानसशास्त्र शिकलेली आई

फार लहान बाळांपुरतं सांगू शकते. पॅट्रिशिया कूल या संशोधिकेचा 2003 चा प्रयोग आहे, नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन म्हणजे चिनी ऐकवलं. एका गटाशी माणूस समोर बसून खेळत, गोष्ट वाचत बोलायचा, एकूण 12 वेळा, दुसऱ्या गटाला तेच सगळं टीव्हीवर दाखवलं. माणसासोबत खेळलेल्या बाळांचे कान त्या भाषेच्या आवाजांना तयार झाले, टीव्हीवाल्यांचे काहीच नाही. तेव्हा दीरांना सांगा, त्यांना कुठली भाषा येत असेल तर त्यांनीच बसून खेळावं तिच्याशी. आणि जाता जाता, दोन-तीन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं ही भीती कृपया काढून टाका. माझ्या मुलाने उशिरा बोलायला सुरुवात केली तेव्हा आम्हाला घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी ठेवा असा सल्ला मिळाला होता. आम्ही ऐकला नाही, स्पीच थेरपी मराठीतच चालू ठेवली, आता दोन्ही भाषांत पुरेसं बडबडतो.

श्टुटगार्टजवळून

मुलगा तीनचा असताना इथल्या किटामध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडी एकत्र, जायला लागला. मॉन्ट्रियलच्या दादांनी लिहिलंय तसाच गप्प. आम्ही घरी मोडकंतोडकं जर्मन बोलायला लागलो होतो तर तिथल्या ताईंनीच थांबवलं, म्हणाल्या तुमचं मराठी नीट द्या, जर्मन आम्ही देतो. ते त्यांनी खरंच दिलं, आठवड्याला पस्तीस तास ती भाषा त्याच्याभोवती होती. पुण्याच्या दोन तासांशी याची तुलनाच करू नका.

एक गंमत म्हणजे इथेही हाच वाद चालतो, इंग्रजीवरून. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये पूर्वी परकी भाषा पहिलीपासून होती, 2018 पासून ती तिसरीवर नेली आणि ते तास जर्मन आणि गणिताला दिले. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात पाच हजारांवर मुलांचा अभ्यास झाला होता, त्यात लवकर इंग्रजी सुरू केलेली मुलं पाचवीत पुढे होती आणि सातवीत तिसरीपासून शिकलेल्यांच्या मागे गेली होती. त्या राज्यानेही नंतर सुरुवात तिसरीवर नेली.

अकरावी, पुणे

मी मोठ्यांच्यात लिहितेय. मला सहाव्या वर्षी फ्रेंचला घातलं होतं, दोन वर्षं गेले, बाई बदलल्या, बंद झालं. आता आकडे वीसपर्यंत आणि एक गाणं येतं बस. आता अकरावीला जर्मन घेतलंय कारण सगळे म्हणतात मार्क पडतात. पण वर्गात बोलतच नाही आम्ही, उत्तरं पाठ करतो. मला खरंच बोलायचंय.

म्हापसा, गोवा

पोर्तुगीज राजवटीत माझे वडील मराठी शाळेतही जायचे आणि पोर्तुगीज शाळेतही, सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत शिकले, सुरुवात सातव्या-आठव्या वर्षी. 1961 च्या डिसेंबरात राजवट गेली, त्यानंतर घरात कोकणी, वाचायला मराठी, कामाला इंग्रजी, पोर्तुगीज बोलायला आजूबाजूला कोणीच नाही. आज 84 वय आहे. वर्तमानपत्राचा मथळा वाचून अर्थ सांगतात, पाढे अजून त्याच भाषेत म्हणतात, पण चार वाक्यं सलग बोलायला सांगितलं तर अडखळतात, मग त्यांना त्याचं वाईट वाटतं. माझी मुलगी आता नववीत पोर्तुगीज शिकते, ती रोज त्यांच्याशी अर्धा तास बोलते आणि तिच्यामुळे त्यांचे कितीतरी शब्द परत आले. तिची गाडी पण क्लासपेक्षा त्या अर्ध्या तासामुळेच पळते असं तिच्या बाई म्हणतात. अकरावीतल्या मुली, कुणीतरी बोलायला शोध बाळा, एखादी मैत्रीण चालेल.

सातारा जिल्हा, निवृत्त शिक्षिका

तुम्ही सगळे फ्रेंच-जर्मन म्हणताय, आमच्या वाडीवस्तीवर परकी भाषा म्हणजे इंग्रजीच. मी नोकरीला लागले तेव्हा ती पाचवीपासून होती, 2000 साली पहिलीपासून आली. लवकर सुरू झाली याचा मला आनंदच होता. पण मुलं ए टू झेड म्हणायची, रंगांची नावं म्हणायची, आणि चौथीत साधं वाक्य वाचताना अडायची. माझ्या लक्षात आलं ते असं, की ज्याचं मराठी वाचन सुटलंय तो इंग्रजी वाचायला लागतो, आणि ज्याचं मराठीतच अडतंय त्याला दोन्हीकडे कोडं. म्हणून पहिली-दुसरीत मी इंग्रजी फक्त तोंडी ठेवायचे. मैदानावर खेळ, सूचना इंग्रजीत, कोण उडी मारतो, कोण बसतो, गोष्ट वाचून दाखवायची आणि मुलांनी नाटक करायचं. वाचन-लेखन मराठी पक्कं झाल्यावर, तिसरीच्या आसपास. वरिष्ठांना वह्या भरलेल्या दिसायला हव्या असायच्या, तेव्हा मी त्यांना मुलांशी बोलून बघायला सांगायचे.

पुण्याच्या ताई, सहाव्या वर्षी मुलीला हौस असेल तर घाला, कान आणि जीभ तयार होईल, पण संध्याकाळचा खेळ कापून नको. क्लास बघायला जाल तेव्हा फी नंतर विचारा, आधी एक तास मागे बसून ऐका, बाई किती बोलतात आणि मुलं किती बोलतात. आणि दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत तो चालू ठेवणं तुम्हाला जमणार आहे का, हे घरी दोघांनी बसून ठरवा.